वावरातली लाल खुंटी

७ जानेवारी

नातवाले, गज्याले, बत्तिसावं लागलं. सून शोभानं शिरा केला. तिले वाटते शिऱ्यानं पोराचं लगन जमते. दारव्ह्याकडची पोरगी बी हातची गेली. कारन तेच, पोरगा वावर करते. पोळी वावरातली पाह्यजे, जावई हापिसातला.

दुपारी तुरीत मोजनीचे तिपाईवाले आलते. टोप्या घालून दुर्बिनीत पाहून राह्यले होते. खुंट्या ठोकल्या, लाल डोक्याच्या, अंगावर पांढरे आकडे. एक आपल्या वावरात बी. म्हने हलकी रेल जानार, शहराच्या मधातून विमानतळापरेंत, दोन डब्याची. म्हटलं, आमच्या गावाले यस्टी धड येत नाही, विमानाले कोन चाललं इथून? टोपीवाला म्हने, आजी, विकास आहे. मंग पानी मागितलं त्यानं. देल्लं. विकासाले बी तहान लागते.

१४ जानेवारी, संक्रांत

दरसाल बाया येतात, तिळगूळ घेतात, जातात. आज पसरूनच बसल्या. "काकू, टेसन तुमच्याच वावरात होते म्हनतात." काकू म्हने. मांगच्या साली हेच तोंड मले बुढी म्हने. वान्याच्या बायकोनं माहे पाय धरले. पायाची भेग बी पाह्यली नसन तिनं आजवर.

रशीद मिस्त्री विहिरीची मोटर पाहाले आला, तो बी तसाच. "अम्मा, अब तो प्लेन पकडोगी." म्हटलं, तू आधी मोटर पकड, दोन दिसापासून पानी ओढत नाही.

२१ जानेवारी

नामदेव उगवला. शोभाचा मामेभाऊ, सोयरिकी जुळवते. पोळ्यापासून फोन उचलत नव्हता. आज सोता पेढे घेऊन आला, स्थळं बी घेऊन आला. त्यात तेच दारव्ह्याकडचे. आता वावर करनारा पोरगा चालते त्याईले. मेहनती आहे म्हनतात. गज्या मांगच्या महिन्यात बी एवढीच मेहनत करे.

पेढा मी नाही खाल्ला. 

१ फेब्रुवारी

दारव्ह्याचे लोक घर पाहाले आले. पोरगी बी आली संग, पल्लवी नाव. पोरीचा बाप खुर्चीवर टेकला नाही त म्हने, वावर पाहू. सारे वावरात. खुंटीपाशी उभा राहून फोटो काढला त्यानं. गज्या बाजूले होता त त्याले म्हने, जरा सरका, सावली पडून राह्यली. हे मले शोभानंच सांगितलं, तोंड भरून, जसा काही मान झाला पोराचा.

पल्लवी नाही गेली वावरात. माह्यापाशी ओट्यावर बसली. शहरात दवाखान्यात नर्स आहे.

"आजी, खरं सांगा. पेतात का ते?"

"पेत नाही. घोरते."

हसली. बोलतात का म्हने. म्हटलं, बैलासंग बोलते, मानसाची सवय नाही. मंग माहा फोन नंबर घेतला अन् बकरीचे कान खाजवत बसली उगीच.

निघताना गज्यानं तिले बोरं देल्ले, धुऊन. फोन नंबर मांगाचा सोडून बोरं. मूर्ख. तिनं ओढनीत बांधले पन. बाप म्हने, गाडीत घान होईन, फेक ते. नाही फेकले.

२ फेब्रुवारी

काल राती पोरगा घोरला नाही.

९ फेब्रुवारी

तिपाईवाले परत आले. रेल सरकली. नाल्याच्या पल्याडून जाते आता, देवरावच्या वावरातून. आपली खुंटी उपटली अन् गेले. तुरीचे दोन तास, उभ्या ओळी, तुडवले ते तुडवलेच, त्याचं कोनी बोललं नाही.

सुधाकर जेवला नाही. माहा लेक, केस पिकले, अन् खुंटीसाठी उपाशी. गज्या जेवला. हात धुता धुता म्हने, मंग आता पल्लवी... एवढंच म्हनला.

१२ फेब्रुवारी

सकाळी वावरात गेली त खुंटी जागेवर. लाल डोकं, पन आकडे दुसरे. नाल्याच्या पल्याड जाऊन पाह्यलं, देवरावच्या धुऱ्यापाशी, बांधाले लागून, भोक ताजं.

घरी येऊन विचारलं. सुधाकर दुसरीकडं पाहे. नामदेव म्हने, "मावशी, साक्षगंध होऊन लगन पक्कं होईस्तोर राहू द्या. मंग सांगू, लाईन आता सरकली." चहात बिस्कीट बुडवत म्हने. बिस्कीट गळून पडलं. बरं झालं.

माह्या लगनाच्या येळी सासऱ्यानं दुसऱ्याचे बैल आपल्या गोठ्यात बांधून माह्या बापाले दाखोले होते. पांढरे, उंच शिंगाचे. मी नांदाले आली, तिसऱ्या रोजी बैल गेले. बाप मले विचारे, बैल कुठं? सासू म्हने, तुह्या बापाले काय करा लागते आमच्या बैलाचं? दोन्हीकडून मीच. ते सारे मेले. बैल बी मेले असतीन.

१६ फेब्रुवारी

सुधाकरले सांगून पाह्यलं. "आई, तू चूप बस. पोराचं घर बसू दे." म्हटलं, घर बसन, पोरगी उभी राहीन दोन घरायच्या मधात, जनमभर. उठून गेला.

गज्याले म्हटलं, तू सांग तिले, आता नंबर आहे तुह्यापाशी. सांगतो म्हने. फोन घेऊन निंबाखाली बसला. चाय थंडा झाला, मी नेऊन ठेवला तो. फोन नाही लावला. बापावर गेला.

२२ फेब्रुवारी

साक्षगंध.

सकाळीच, हे लोक मांडवाच्या दोऱ्या बांधून राह्यले तवा, वावरातून खुंटी उपटून आनली. म्हाताऱ्या बाईले कोनी विचारत नाही काय नेऊन राह्यली. दारात, ओट्याच्या बाजूले ठोकली दगडानं अन् बकरी बांधली.

पाव्हने आले. पोरीचा बाप गाडीतून उतरला, म्हने नारळ फोडाच्या आधी वावरात एक चक्कर मारू. दोन पावलं चालला अन् थांबला. बकरीकडं पाहे, खुंटीकडं पाहे.

"हे इथं कसं?"

सुधाकरचं तोंड राखडीवानी. नामदेव म्हने, म्हाताऱ्या मानसाची गंमत आहे साहेब. मी म्हटलं, खुंटी देवरावच्या वावरातली आहे. रेल तिकडून जाते, नाल्याच्या पल्याडून. आमच्याकडं तूर आहे. पोरगा आहे, तो मांगच्या येळी बी होता, तुमच्या फोटोत नाही आला.

पोरीच्या बापानं चहा पेला, उभ्यानंच. म्हने, कळवतो. कळवतो म्हंजे काय ते या घराले चांगलं माहीत आहे. नारळ तसाच राह्यला. पल्लवीसाठी आनलेला हार ओट्यावर होता, तो बकरीनं खाल्ला.

गाडीत बसताना पल्लवीनं खुंटीकडं पाह्यलं. मंग गज्याकडं. तो खाली पाहे.

२७ फेब्रुवारी

शोभा ताट आपटून वाढते. सुधाकर बोलत नाही. गज्या बी नाही. बाकीचे स्थळं बी गुल. नामदेवचा फोन बंद.

देवरावच्या दारात आज दोन जीपा. त्याच्या पोरी आता गोऱ्या झाल्या म्हनतात गावात. वान्याची बायको तिकडं पाय धरते.

खुंटी मांगाले देवराव आला नाही. त्याच्याकडं नवीन ठोकली म्हने.

८ मार्च

गज्या बोलला आज. बकरीले पाला टाकता टाकता म्हने, "आजी, तू नसतं केलं त..." म्हटलं, त काय? तो म्हने, काही नाही. मंग म्हने, मीच सांगाले पाह्यजे होतं. म्हटलं, हो. पाला टाकला, गेला.

लगन मोडून टाकलं का मी पोराचं? बैल आठोतात. मंग वाटते नाही. मंग रिकाम्या ओट्याकडं पाह्यलं की वाटते हो.

११ मार्च

माह्या डबड्या फोनवर नवीन नंबर. उचलला. पल्लवी.

"आजी, ती खुंटी वापस केली का?"

"नाही. बकरी बांधून आहे."

"राहू द्या. मी येऊन पाह्यते."

बाप येते का म्हटलं. म्हने, बाबा नाही म्हनतात. दवाखान्यातल्या बाया मांगून बोलून राह्यल्या होत्या, ते ऐकू ये. मंग म्हने, "ते घोरतात का अजून?"

म्हटलं, मधात बंद होतं.

कवा येते, एकटी येते का बापाले मनवून, नांदाले येते का फकत बकरी पाहाले, काहीच बोलली नाही. ड्युटी आहे म्हने, ठेवला.

घरात कोनाले सांगितलं नाही. शोभा लगेच शिरा करीन. गज्याले म्हटलं, बोरीखाली पाह्य, काही उरले असन त. म्हने, हंगाम सरला, आजी. म्हटलं, पाह्य तरी.