कळ मागे ओढली नाही

बाई,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि तुमच्या नावानं मी कागद हातात घेतला तो आज पहिल्यांदा. गेल्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, "मोठ्या मुलींच्या वर्गाला मोहाविषयी थोडं सांगा ना. तुमचा अनुभव आहे." मी हो म्हटलं. घरी येऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की मोहाबद्दल मला जे काही कळलंय ते सगळं तुमच्यापाशीच घडलेलं आहे, आणि मुलींच्या आधी ते तुम्हाला सांगायला हवं होतं.

तुमच्या संडे स्कूलमध्ये मी सात वर्षांची असल्यापासून बसत होते. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांस परीक्षेत आणू नको' हे वाक्य आलं की मी डोळे घट्ट मिटायचे, कारण मला वाटायचं ते गणिताच्या पेपराबद्दलच आहे. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात आणि म्हणालात, "अगं, तो पेपर सोपा. निदान समोर ठेवतात तरी. हा मोहाचा पेपर कधी सुरू झाला तेच कळत नाही." तेव्हा मला त्यातलं काही समजलं नाही. समजलं ते ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, विक्रोळीच्या कारखान्यात, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर.

ती खुर्ची तुम्हीच मला मिळवून दिलीत. पप्पांची कंपनी बंद पडली होती, माझ्यामागे दोन भाऊ शाळेत, आणि मुलुंडच्या चाळीत तुमची खोली आमच्यापासून चार दारं सोडून. साहेबांना तुम्ही सांगितलंत, "मुलगी आमच्या चर्चच्या मंडळीतली आहे. आवाज चांगला आहे आणि तोंड बंद ठेवते." टेलिफोनचा तो बोर्ड मला आधी राक्षसासारखा वाटला होता. दिवा लागला की दोरीची पिन भोकात घालायची, कळ पुढे ढकलून कोण हवंय ते विचारायचं, लाइन जोडायची आणि कळ मागे ओढायची. कळ पुढे राहिली तर दोघांचं सगळं बोलणं आपल्या कानात. दुसऱ्याच आठवड्यात स्टोअरमधल्या कुणाचं तरी बायकोशी चाललेलं भांडण ऐकून मी फिसकन हसले. तुम्ही माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवलात. "कानाला दार नसतं, म्हणून हाताला शिकवायचं. पुन्हा ऐकलंस तर मीच तुला घरी पाठवीन." त्या दिवशी मी तुमच्यावर रागावले होते. पण हात शिकला. वर्षभर शिकलेला राहिला.

मग कॅन्टीनमध्ये बातमी आली की नवीन, आपोआप चालणारा बोर्ड येणार. दोनेक दिवसांनी, तुम्ही डबा खायला गेलेल्या असताना, हेड ऑफिसचा फोन आला, पर्सोनेलच्या साहेबांना. मी जोडून दिला. माझा हात कळीवर होता, बाई, आणि तो मागे आला नाही. आला नाही म्हणजे मी आणला नाही. तिकडून विचारत होते, "दोन ऑपरेटर हव्यातच कशाला?" आणि आपले साहेब म्हणाले, "बरोबर आहे, एक पुरे. जुन्या बाई चांगल्या आहेत. नव्या मुलीला कमी करू." तुम्ही हात पुसत परत आलात. "काय गं, तोंड का उतरलंय? जेवून घे. भरलं वांगं ठेवलंय तुझ्यासाठी." मी ते वांगं खाल्लं.

तुमच्या डाव्या कानाचं मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. हेडफोन तुम्ही नेहमी उजव्या कानावर लावायचात, आणि डाव्या बाजूनं कुणी बोललं तर हसून मान हलवायचात. कामात तुमची एकही चूक होत नव्हती. तरी मी साहेबांच्या केबिनकडे निघाले. कुणी बोलावलं नव्हतं. आणि ऐका, जिना चढताना मी प्रार्थना केली. म्हटलं, प्रभू, मी खोटं एक अक्षर बोलणार नाही. खरंच बोलले नाही. साहेबांना म्हणाले, "बाईंची काळजी वाटते. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. नवीन बोर्ड त्यांना झेपेल का?" बोलताना माझे डोळे भरून आले होते आणि ते पाणीही खोटं नव्हतं. मला तुमची दया येत होती. साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

महिन्याभरात कंपनीच्या डॉक्टरांनी तुमचे कान तपासले आणि तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतला. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. शेवटच्या दिवशी तुम्ही मला मऊ मलमलीची, आत कापूस भरलेली गादी दिलीत, हेडफोनला लावायची, हातानं शिवलेली. "दिवसभर लावून कान दुखतो. हे लाव." मी "थँक्यू बाई" म्हटलं. तीन महिन्यांनी पप्पांना पवईला वॉचमनची नोकरी लागली. तीनच महिने, बाई. एवढा वेळ आम्ही कसाही काढला असता.

त्यानंतरच्या ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तुम्ही मुलांसाठी अरण्यातल्या परीक्षेचा धडा घेतलात, चाळीस दिवस उपाशी असलेल्या प्रभू येशूला सैतान मोह घालतो तो. मी मागे बाकावर, पुस्तकं वाटायला. "सैतानानं आधी काय सुचवलं?" मुलं ओरडली, "दगडाची भाकर कर!" "भाकर वाईट असते?" "नाही!" "भूक लागणं पाप आहे?" "नाही!" "मग प्रभू 'नाही' का म्हणाला?" मग तुम्हीच म्हणालात, "घाणेरडी वस्तू समोर आली तर आपण सगळेच तोंड फिरवतो रे. सैतान तेवढा खुळा नाही. तो चांगलीच वस्तू आणतो, आपल्याला खरंच हवी असते तीच. फक्त म्हणतो, आकाशातल्या बापाची वाट कशाला बघतोस, तूच करून घे." तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी पुस्तकं गोळा केली, घरी आले आणि आईला डोकं दुखतंय असं सांगून पडून राहिले. खोटं न बोलता पाप होतं, प्रार्थना म्हणत म्हणत होतं, डोळ्यांत पाणी असताना होतं, हे मला त्या बाकावर कळलं. कळून मी काहीच केलं नाही.

चार-पाच वर्षांनी तुम्ही घाटकोपरच्या हॉस्पिटलात होतात. दुपारची वेळ, वॉर्डात पंखा खडखडत होता. तुम्ही खूप बारीक झाला होतात. मी डाव्या बाजूच्या स्टुलावर बसले, तर तुम्ही हातानं खुणावलंत, "इकडे येऊन बस. या कानाशी बोल." मी फिरून आले. तुम्ही माझा हात धरलात. "काही सांगायचंय का गं तुला?" मी म्हटलं, "संत्री आणलीत, बाई. सोलून देऊ?" तुम्ही म्हणालात, "दे." दोन फोडी खाल्ल्यात. तिसरी हातातच राहिली. पुढच्या आठवड्यात तुम्हाला पुरलं, आणि कबरीपाशी गायनात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तुम्हाला माहीत होतं की नाही, याचा मी फार वर्षं विचार केला. आता करत नाही. माहीत नसतं तर तुम्ही विचारलं नसतं.

मुलींना मी हे सांगेन की नाही, ठाऊक नाही. बहुतेक अरण्याचा धडाच घेईन, तुमच्याच शब्दांत, आणि त्या माझ्याबद्दल म्हणतील, बाई किती छान सांगतात. हा कागद फाडून टाकीन. पण एक गोष्ट मी आजवर स्वतःलाही चुकीची सांगत आले. हॉस्पिटलात त्या दुपारी मला धीर झाला नाही, तुम्ही रागवाल याची भीती वाटली, असं मी म्हणायचे. तसं नव्हतं. तुम्ही क्षमा कराल याची मला खात्री होती. आणि क्षमा घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन, मी त्यांचा फोन चोरून ऐकला होता आणि म्हणूनच तुमच्या कानाचं सांगायला आले होते, हे सांगावं लागलं असतं. नोकरी मला आवडत होती, बाई.