कादंबरीची शेवटची पानं

नवीन जालना,
१३ जानेवारी १९९२

सौ. अक्कास मच्छिंद्रचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण बराबर करतो. आईचा गुडघा कसा आहे?

तू दिलेली कादंबरी वाचली असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं, अक्का. रविवारचं वाचन मंडळ मीच चालवून राह्यलो, तरी न वाचताच ती तिथं दिली. वरून म्हणलो, शेवट लई चांगला आहे.

एकच प्रत, एकेकानं घरी नेली. शेवटची पानं गळून गेलीत, हे मला सोडून सगळ्यांना कळलं. कुणी तक्रार केली न्हाई. काल सगळ्यांनी मलाच विचारलं, "घर सोडून गेलेली ती पोरगी परत येते का?"

वाचली न्हाई म्हणायची लाज वाटली. मी म्हणलो, येते. कशी येते तेही रंगवून सांगितलं.

आमच्यात नंदाबाई आहेत, बियाणं निवडायला जातात. त्यांची लेक दोन वर्षं झाली, घरी आली न्हाई. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मंग माझं सगळं बोलणं कागदावर उतरवून पुस्तकाच्या शेवटी खळीनं चिकटवलं. पुढं वाचणाऱ्याला अडचण नको, म्हणल्या.

तुझ्याकडं पानं पुरी होती. ती पोरगी खरंच येते का, तेवढं लिही. फक्त कार्डावर लिहू नको, पाकिटात घाल. मला आलेलं कार्ड इथं मंडळात माझ्याआधी सगळे वाचतात, आणि नंदाबाई तर एकेक अक्षर लावून वाचतात.

तुझा धाकटा,
मच्छिंद्र