मुद्देमालातला कॅमेरा उघडून पाहण्याबाबत

प्रति,
मा. मुद्देमाल अधिकारी,
पोलीस ठाणे, तळमजला
(जिन्याखालची खोली)

विषय : माझ्याच विनंतीवरून सील केलेला माझाच कॅमेरा माझ्याच विनंतीवरून उघडण्याबाबत.

संदर्भ : १) कॅमेरा परत मिळावा, हा माझा पहिला अर्ज. २) कॅमेरा कोणी उघडू नये, हा माझा दुसरा अर्ज. (दोन्ही रद्द समजावेत.)

महोदय,

१. मी एका दैनिकात छायाचित्रकार आहे. बसथांब्यासमोरच्या बांधकामावर क्रेनची तार तुटून लोखंडी पाइपांचा भारा खाली आला, त्या दिवशी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कठड्याला आवळलेला एक कॅमेरा आपल्या हवालदारसाहेबांनी बेवारस म्हणून जप्त केला. तो माझा आहे. बेवारस मी असेन, कॅमेरा नाही.

२. माझ्या दुसऱ्या अर्जात मी असे लिहिले होते की, कॅमेऱ्यात घरगुती फोटो असल्याने तो उघडू नये. आपण तो अर्ज त्याच दिवशी मंजूर केलात आणि पाकिटावर लाखेचे सील मारलेत. महोदय, मी आजवर रजेसाठी, बढतीसाठी आणि घरासमोरच्या उघड्या गटारासाठी अनेक अर्ज केले. त्यांतला एकही कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही. मंजूर झाला तो नेमका हाच. आता तपास अधिकाऱ्यांनी कॅमेरा मागितला तर त्यांना उत्तर मिळते की, अर्जदाराची हरकत आहे, ती मागे घेतल्याचे कारणासह लेखी आणा. ते कारण लिहिण्यासाठी हा तिसरा अर्ज आहे. घरगुती फोटो त्यात एकही नाही.

३. क्रेनचालक सध्या आपल्याच कोठडीत आहेत. त्यांनी घाईत चुकीचा दांडा ओढला म्हणून भारा पडला, असा ठेकेदाराचा जबाब आहे. हे साफ खोटे आहे. तार तुटली तेव्हा क्रेनचालकांचे दोन्ही हात केबिनच्या खिडकीबाहेर होते. खाली बसच्या रांगेतल्या माणसांना ते "पळा, पळा" म्हणून हातवारे करत होते. दांड्याला त्यांचा हातही नव्हता. माझा कॅमेरा दर सेकंदाला आपोआप फोटो काढत त्याच केबिनकडे तोंड करून उभा होता. त्यामुळे हे सगळे त्यात आहे.

४. हे तुम्हाला कसे माहीत, असा प्रश्न आपल्या मनात येईल. ठाण्यात तो मला आधीच विचारण्यात आला आहे. मी जबाब द्यायला आलो तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, "तिथे कॅमेरा सापडला, तुम्ही सापडला नाहीत. तुमचा जबाब काय कामाचा?" दुसऱ्या दिवशी, ज्याला लोक 'झेप्या' म्हणतात तो निळ्या पोशाखातला मुखवटाधारी इसम जबाब द्यायला आला. पडणारा भारा त्यानेच झेलला होता, हे अख्ख्या रांगेने पाहिले होते. अंमलदारांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, सोबत फोटो काढून घेतला आणि मग नाव, पत्ता व ओळखपत्र मागितले. ते त्याच्याकडे नव्हते. जबाब झाला नाही. म्हणजे ज्याच्याकडे ओळखपत्र आहे तो तिथे नव्हता आणि जो तिथे होता त्याच्याकडे ओळखपत्र नाही. दोन्ही वेळा परत जाताना जिन्यात बसून राहावेसे वाटले.

५. महोदय, ते दोघे इसम मीच आहे.

अंगात ही ताकद कुठून आली, हा या अर्जाचा विषय नाही. मलाही नीटसे माहीत नाही. माझी कामाची पद्धत मात्र सांगणे भाग आहे, कारण घोळ तिथेच झाला. काही विपरीत घडणार असे दिसले की मी आधी कॅमेरा कुठेतरी घट्ट आवळतो, तो आपोआप चालू ठेवतो, मग आडोशाला जाऊन कपडे बदलतो आणि उडी मारतो. नोकरी फोटोंची आहे. फोटो नाही नेला तर मुख्य छायाचित्रकार फाडून खातात. नेला तरी खातातच. "सगळे फोटो एकाच जागेवरून! तुझे पाय कुणी जमिनीत पुरलेत का?" असे ते भर मीटिंगमध्ये विचारतात. मी मान खाली घालून उभा असतो आणि खांदा ठणकत असतो.

६. मला चष्मा आहे आणि नंबर मोठा आहे. मुखवट्यात चष्मा बसत नाही, डोळ्यांत घालायची भिंगे मला सोसत नाहीत. त्यामुळे मी जी काही वीरकृत्ये केली ती सगळी अंदाजपंचे केली आहेत. कापडाच्या दुकानाला आग लागली तेव्हा मी धुरातून जिला अलगद उचलून बाहेर आणले, ती साडी नेसवलेली बाहुली होती. गर्दीने तरीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत दुकानाचे शेठजी अजून आतच आहेत, हे मला कोणीतरी कानात सांगावे लागले. त्यांनाही आणले.

त्या दिवशी तार तुटली तेव्हा मी केबिनच्या अगदी जवळून झेप घेत होतो, म्हणून चालकांचे हात चष्म्याशिवायही दिसले. भारा जमिनीवर टेकवून मी परत गच्चीवर आलो. कोणताही शहाणा माणूस आधी कपडे बदलेल. मी छायाचित्रकार आहे. फोकस बरोबर लागला होता की नाही, या एका विचाराने मला धीर धरवेना. मी मुखवटा काढला, चष्मा चढवला आणि थेट भिंगासमोर वाकून त्यावरच्या फोकसच्या खुणा पाहू लागलो. कॅमेरा चालूच होता. तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला आणि मी टाकीमागे पळालो. म्हणून शेवटच्या काही फोटोंत निळ्या पोशाखातला, घामेजलेला, चष्मेवाला मी आहे. आपण कॅमेरा उघडू नये म्हणून मी कासावीस झालो होतो, ते यासाठी. दुसरे काही कारण नव्हते.

७. काल क्रेनचालकांच्या पत्नी आमच्या कार्यालयात आल्या. मी तिथे होतो असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्या म्हणाल्या, "दादा, एखादा तरी फोटो असेल ना हो? धूसर असला तरी चालेल. त्यांचे हात दिसले की पुरे." मी म्हटले, कॅमेरा पोलिसांत जमा आहे. त्यावर त्या मलाच धीर द्यायला लागल्या, की मिळेल हो तुमचा कॅमेरा, सरकारी काम आहे, वेळ लागतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढ्या उंचावरून उड्या मारणारा मी, त्या बाईंच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

८. शेवटचे फोटो वगळून बाकीचे तपासावेत, अशी विनंती करावी असे आधी मनात होते. एका वकिलांना मोघम विचारले. ते म्हणाले, त्यातला एक फोटो जरी काढून टाकला तरी ठेकेदाराचा वकील सगळेच बनावट ठरवील. तेव्हा काहीही वगळू नये.

९. घरी मी आणि वडील असे दोघेच असतो. झेप्याची छापून आलेली कात्रणे ते जपून ठेवतात आणि मला ऐकवतात, की तो बघ जीव धोक्यात घालतो आणि तू लांबून फोटो काढतोस. हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटते. सवय होईल असे वाटले होते, झाली नाही. बाहेरून कळण्याआधी त्यांना घरातून कळावे म्हणून आज सकाळी सांगितले. त्यांनी हातातले कात्रण खाली ठेवले. मग म्हणाले, "चष्म्याशिवाय?" आणि इतके चिडले की लहानपणीही कधी चिडले नव्हते. मी त्यांच्यासमोर रडलो. त्याने बरे वाटले, हेही नमूद करतो.

१०. ओळख उघड झाल्यावर माझी नोकरी राहील असे वाटत नाही. स्वतःचेच फोटो काढून बातमी म्हणून दिले, असे म्हणतील, आणि ते खरेच आहे. झेप्याचे पुढे काय, ते मला ठाऊक नाही. ज्यांना त्याने कधी अडवले त्यांना आता माझ्या घराचा पत्ता कळेल. या सगळ्याचा विचार करून झाला आहे. आता विचार करायचेही त्राण नाही. मी फार दमलो आहे, महोदय, आणि क्रेनचालक आत आहेत.

तरी सील तोडून सर्व फोटो तपास अधिकाऱ्यांच्या हवाली करावेत. शेवटच्या फोटोंतला इसम कोण, हे पंचनाम्यात लिहावे लागेल. तिथे माझे नाव घालावे. कॅमेरा परत मिळण्याची मला घाई नाही.

क्रेनचालकांच्या पत्नी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या आहेत. मी काय लिहितो आहे, हे त्यांना माहीत नाही. मघाशी पेन बंद पडले तेव्हा त्यांनीच आपले दिले. पाकीट उघडाल तेव्हा आधी त्यांना आत बोलवावे आणि त्यांच्या यजमानांचे हात दाखवावेत. माझा चेहरा नंतर पाहिला तरी चालेल.

आपला थकलेला, तरीही नम्र,

(सही)
छायाचित्रकार

दिनांक : आवक शिक्क्यावर असेल तो

सोबत :
१) दैनिकाच्या ओळखपत्राची प्रत.
२) कॅमेरा खरेदीची पावती (सापडत नाही, शोध चालू आहे).
३) मुखवटा, निळा, नग एक, धुतलेला. याची पोच दिली नाही तरी चालेल.