गावकीचा नारळ

२० नोव्हेंबर १९८३
कर्जतच्या कायदा शिबिरातून परतलो. दिवसभर भाषणं. शेवटी प्रत्येक शिक्षकाच्या हाती शंभर पत्रकं — 'गुन्हा सोसणाऱ्यांचे हक्क'. मारहाण झाली तर गावानं मिटवलं तरी फिर्याद देता येते. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. चाळिशी आली, मला हे आज कळलं. गावात मी शहाणा समजला जातो.

२१ नोव्हेंबर
पत्रकं वाटली. सगळ्यांनी आदरानं घेतली. संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात भजी त्यातच बांधून मिळाली.

२३ नोव्हेंबर
सोनुबाई डोक्यातून जात नाही. लावणीच्या दिवसांत बांधाच्या पाण्यावरून भिवाजीनं तिला दांडक्यानं मारलं. डावा हात मोडला. गावकी बसली. भिवाजीनं तिला नारळ दिला. आमच्याकडची रीत — मार खाल्लेल्यानं तो घरी देवापुढं फोडून खायचा, की तंटा मिटला. दुसऱ्या दिवशी गावकीचा पुढारी सहदेव म्हणाला, कागद करा. मी लिहिलं, 'सोनुबाईनं नारळ खाल्ला.' माझं अक्षर चांगलं आहे.

२४ नोव्हेंबर
तिच्याकडे गेलो. सूप गुडघ्यावर टेकवून एका हातानं तांदूळ निवडत होती. पत्रक वाचून दाखवलं.
"नारळ घेतलाय नं मी, गुरुजी," एवढंच म्हणाली.

२५ नोव्हेंबर
सहदेव शाळेत आला. "गुरुजी, पोरांना पाढे शिकवा. नारळ खाल्ला, इषय संपला. आता ती ठाण्यावर गेली तर गाव तिला इहिरीवर येऊ द्यायचं नाय."
चहा पिऊन गेला. मी मान डोलावली. लाज वाटली, तीही लिहून ठेवतो.

२६ नोव्हेंबर
फळ्यावर सुविचाराच्या जागी लिहिलं — गावकीनं मिटवलं तरी फिर्याद देता येते. मुलांनी शुद्धलेखन म्हणून उतरवून घरी नेलं. बावीस पाट्या. भजी बांधता येत नाहीत त्यात!

२७ नोव्हेंबर
रविवार. सहदेवनं रामराम घेतला नाही.

२८ नोव्हेंबर
शाळा उघडायच्या आधीच सोनुबाई पायरीवर. पदराआडून नारळ काढून माझ्यापुढं ठेवला. अख्खा, शेंडीसकट. हलवून पाहिला — पाणी आटलेलं.
"खाल्ला म्हनून तुमी लिवलंत. मला इचारलंत कवा?"
शाळेला सुट्टी दिली. तिच्याबरोबर ठाण्यावर निघालोय. तो कागद कुणी लिहिला, ते मीच सांगणार आहे.