पाण्याखालचा मास्तर बघताना

रविवार, ४ नोव्हेंबर २०१८

मास्तर निवडायचा आहे – आणि तो मी निवडायचा!

चंद्रिकेला समुद्राच्या तळाशी जायला शिकायचंय. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. स्कुबा म्हणतात. आमची नात बोर्डीच्या एका रिसॉर्टवर कामाला आहे. तिथल्या पोहण्याच्या तलावात लोक शिकताना तिने पाहिले आणि डोक्यात किडा शिरला. आधी तलावात शिकायचं, मग तारकर्लीला खऱ्या समुद्रात. जमलं तर पुढे तिकडेच काम – पर्यटकांना खाली फिरवून आणायचं.

मुकेश, माझा मुलगा, तिचा बाप – आधी तापला. ‘धरणात पोहते तेवढं पुरे नाही का?’ ती रडली. मग तोही मऊ पडला. म्हणाला, ‘बाबा, शिकवणारे दोन जण आहेत. तू बघून ये. तू हो म्हणशील त्याच्याकडे जाईल. कोणीच नाही पटला तर राहील घरी.’

मला काय कळतं त्यातलं! जन्मभर ताडीच्या झाडांवर चढलो. वर जायचं ठाऊक आहे, खाली जायचं नाही.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

धोतर धुतलं, टोपीला नीळ दिली. सून – लाडकी नाव तिचं – हसते. ‘नवरा मुलगा बघायला निघाल्यासारखी तयारी चाललीय, बाबा!’

मग? बिघडलं तर नवऱ्याच्या घरून पोर परत तरी येते. पाण्याखालून कशी येणार?

रविवार, ११ नोव्हेंबर

दोघांना भेटून आलो. पाय दुखतात, पण लिहून ठेवतो.

माझ्याच हाताखाली शिकलेला सुकऱ्या आता माझी झाडं करतो. पहाटे त्याने उतरवलेली गोड ताडी दोन बाटल्यांत भरून नेली – दोघांना एकेक. आमच्यात माणूस जोडायचा तर हेच. ताडी पुढे करायची. समोरच्याने हात पुढे केला की नातं लागलं. नाही केला तर आपण उठायचं.

आधी बोर्डीला, रविंद्र सरांकडे. उमदा गडी! ‘आवो आवो, काका!’ तलावाच्या काठावर उभ्या उभ्या पेला रिकामा केला. ‘वा, काय गोड आहे!’ म्हणून दुसराही. माझ्या पाठीवर थाप मारली. आठ पोरं पाण्यात वाट बघत होती. चंद्रिकेला म्हणतात, ‘फॉर्म-बिर्म नंतर. पुढच्या रविवारी कपडे घेऊन ये, आधी मजा घे!’ आणि धप्प – पाण्यात. माझ्या तर मनातच भरले.

मग डहाणूला, संगीता मॅडम. पिकलेले केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. शिकणारे दोनच. मी बाटली पुढे केली. हात जोडले बाईने. ‘बाबा, मला पाण्यात उतरायचंय. नाही घेणार.’

‘अर्धा पेला?’

‘थेंबसुद्धा नाही.’

‘मग संध्याकाळी घ्या घरी.’

‘उद्या पहाटे परत पाण्यात आहे, बाबा.’

वर चंद्रिकेला शंभर प्रश्न! दम लागतो का? फिट येते का? पोरगी जरा शिंकली तर – ‘सर्दी आहे? सर्दीत पाण्यात घेत नाही मी. कान दुखतील खाली. बरी झालीस की ये, मग बसून फॉर्म भरू.’ घोटभर पाणीही न विचारता वाटेला लावलं.

भरलेली बाटली काखेत मारून परत आलो. इतका अपमान कोणी केला नव्हता माझा.

रविंद्र सर. ठरलं.

सोमवार, १२ नोव्हेंबर

मुकेशला सांगितलं. चंद्रिका अंगणात नाचली!

बुधवार, १४ नोव्हेंबर



सकाळी सुकऱ्या झाडाखाली कमरेला दोर आवळत होता. थंडी होती. मी म्हटलं, घे रे घोटभर, मग चढ. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘काका, येडा झालास का तू? पहिल्या दिवशी थोबाडीत कोणी मारली होती माझ्या? पिऊन झाडाला हात लावायचा नाही – तूच ना?’

मीच. चाळीस वर्षं चढलो, चढायच्या आधी जीभ कधी ओली केली नाही. प्यायची ती खाली उतरल्यावर. मेव्हण्याने ऐकलं नाही, तो पडला. पुढे कधी चालला नाही.

आणि परवा मी – मी स्वतः – आठ पोरांचा श्वास ज्याच्या हातात, त्याला काठावर दोन पेले पाजले! आणि न पिणाऱ्या बाईवर रुसून आलो!

झाडाखालीच बसून राहिलो. सुकऱ्या वरून ओरडत होता, ‘काका, बरं वाटत नाही का?’

गुरुवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं घरात. रविंद्र सर नाहीत. संगीता मॅडम. मुकेशने कारण ऐकलं, म्हणाला, ‘तू म्हणशील तसं.’

चंद्रिका पाय आपटते. ‘परवा हो, आज नाही! आजा, तू ग्रामपंचायत आहेस का?’

रविवार, २५ नोव्हेंबर

सर्दी गेली, तिला घेऊन मॅडमकडे गेलो. आधी माझी चूक कबूल केली. त्या हसल्या. ‘बाबा, ताडी मला आवडते. म्हणूनच घरात ठेवत नाही.’

मला पायरीवर बसवलं. म्हणाल्या, नातीच्या तोंडात काय जाणार ते आधी तुम्ही बघा. नळी दिली. दातांत धरली, श्वास ओढला – आत हवा कशी सुळकन आली! सोडली तर फुस्स. मॅडमकडून एवढंच काय ते शिकलो, ‘खाली श्वास कधी कोंडून धरायचा नाही.’ टाकीचा काटा त्यांनी स्वतः बघितला, मग चंद्रिकेला बघायला लावला, मग मलाही. मला आकडे येतात म्हटल्यावर खूश झाल्या.

मग फॉर्म. चंद्रिका भरत होती, मी शेजारी बसून एकेक ओळ वाचत होतो. ‘कानाचा पडदा कधी फुटला होता का?’ तिने ‘नाही’वर खूण केली.

ती नऊ वर्षांची होती. पूर्ण पावसाळा उशी ओली व्हायची पुवाने. पाठीवर घेऊन दवाखान्यात नेली होती मी. खांद्यावर डोकं टेकून निजायची, दुखरा कान वर करून.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. आजा, नको – एवढंच होतं डोळ्यांत. किती दिवसांनी ती अशी लहान दिसली मला! गप्प बसलो असतो तर संध्याकाळी तलावात असती पोर.

‘मॅडम,’ म्हटलं, ‘फुटला होता. डावा.’

बाईने पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. ‘कानाच्या डॉक्टरांना दाखव, बेटा. त्यांची चिठ्ठी आली की मी आहेच.’

परत येताना चंद्रिका जीपमध्ये पुढे बसली. मी मागे.

शनिवार, १ डिसेंबर

पडद्याला भोक आहे अजून. बारीक, पण आहे. डॉक्टर म्हणाले, खोल पाण्यात थंड पाणी आत शिरलं तर डोकं गरगरेल. वर कुठे, खाली कुठे, कळणार नाही. ऑपरेशनने बुजतं, बहुतेकांचं. तोवर समुद्र नाही. धरणसुद्धा बंद!

मॅडमना फोन केला. त्याही तेच म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर चंद्रिका म्हणाली, ‘मिळाला ना तुला पाहिजे तसा मास्तर?’

मंगळवार, ११ डिसेंबर

माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते, कपाचा आवाज करते.

रविवार, ३० डिसेंबर

रविंद्र सरांची आठही पोरं तारकर्लीहून परत आली. कोणाला काही झालं नाही. हसत आली. चंद्रिका मोबाईलवरचे फोटो आईला दाखवत होती – मला ऐकू जाईल असं. ‘हा बघ निळा मासा. ही बघ, माझ्याबरोबर कामाला आहे ती शितल.’

बरं वाटलं. देवाशपथ बरं वाटलं, परक्यांची असली तरी लेकरं ती. आणि आत कुठे तरी टोचलंसुद्धा. म्हातारा उगाच घाबरला, असं गाव म्हणेल. कदाचित खरंही असेल. मला कसं कळणार?

पण तो कान मी बघितलेला आहे.

रविवार, १३ जानेवारी २०१९

बोलली! भाकरी थापता थापता, मान वर न करता.

‘आजा, रविंद्र सर मला घेऊन गेले असते.’

‘हो बाय. गेले असते.’

भाकरी उलटली. फुगली. मग म्हणते, ‘विचारलंच नसतं त्यांनी मला.’

ऑपरेशनची तारीख तिने स्वतःच घेऊन ठेवली आहे. पुढच्या सोमवारची. फॉर्म मॅडमकडे आहे, त्यातली ‘नाही’वरची खूण ती मागेच जाऊन खोडून आली. मला माहीतही नाही!

‘सोबत येशील का?’ म्हणाली.