हॉर्सरॅडिशचा लेप

९ मार्च १९६७
देझोचा खोकला पुन्हा छातीत बसला. तळघरातल्या वाळूतून हॉर्सरॅडिशची मोहरीसारखी झोंबणारी मुळं काढून किसली — डोळ्यांत टिपूस नाही! यंदाचं पीकच मिळमिळीत. आई सांगायची, किसणारीला रडवत नाही ते मूळ औषधाला घेऊ नये. पण सगळीच तसली निघाली तर करायचं काय? कापडात बांधून नवऱ्याच्या पाठीवर ठेवलं, तीनदा ‘हे आमच्या पित्या’ म्हणून होईपर्यंत. याला घड्याळ लावत नाहीत.

११ मार्च
आज पाच प्रार्थना. कसं वाटतंय विचारलं तर म्हणे, “ऊब आहे, बरं वाटतंय.” ऊब! लेप आहे की गोधडी?

१४ मार्च
शेजारची पिरोश्का आली. मागच्या आठवड्यात तिला खोकल्यासाठी हेच मूळ मधात कालवून दिलं होतं. “एतेल्का मावशी, घशाची सालटं निघाली हो. जरा बेतानं.” नाजूक पोर! म्हटलं, “मग डॉक्टरकडे जा, तो गोड औषध देईल.” चाळीस वर्षं हे गाव माझ्या हातचं औषध घेतंय.

१५ मार्च
दुप्पट कीस. दहा प्रार्थना. देझो उशीत तोंड खुपसून पडला होता. मला वाटलं, झोपला.

१७ मार्च
पाठभर फोड. सदरा चिकटला होता, पाणी लावून सोडवला. डॉक्टरनं मलम दिलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. देझोवर ओरडले — सांगायचं नाही का? तर म्हणाला, “तूच म्हणालीस ना, मूळ हलकं आहे.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मूळ हलकं होतं, मी स्वतः किसलंय. मग फोड आले कसे?

२४ मार्च, गुड फ्रायडे
ईस्टरच्या हॅमसोबत खायला तेच मूळ किसत होते. पिरोश्का दारात आली आणि तिथंच थबकली. नाकाला एप्रन, डोळे घळाघळा वाहतायत. “अहो मावशी, खिडकी तरी उघडा!”
माझे डोळे कोरडे.
पलंगावरून देझो तिला हळूच म्हणाला, “बोलू नकोस काही. नाताळातल्या तापापासून हिला कसला वास येत नाही, झोंबत नाही. हिला कळलेलं नाही अजून.”
त्याला ठाऊक होतं. आणि तरी रोज सदरा काढून माझ्यापुढे पालथा झोपत होता.