जीव वजा परमात्मा

३ मार्च

चि. चिमणीस काकाचे अनेक आशीर्वाद.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काय उद्योग करतो, असं विचारलं होतंस. तर ऐक. जीव आणि परमात्मा एकच आहेत, हे मी बीजगणिताने सिद्ध केलंय, अवघ्या एकोणीस ओळींत. तेरा तारखेला, रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान आहे. गावभर कागद चिकटलेत. तुझी काकू म्हणते, आधी न्हाणीघरातला नळ दुरुस्त करा, मग परमात्म्याकडे वळा. तू प्रयोगशाळेत प्रकाश मोजतेस, म्हणून सोबत प्रत धाडतोय. तपासायला नव्हे, कौतुकाला.

ते कौतुक सविस्तर कळव. तुझ्यावर लोभ आहेच.

तुझा काका

७ मार्च

ती. काकांना सा. न. वि. वि.

प्रत तीनदा वाचली, चौथ्यांदा जेवण सोडून. पहिल्या बारा ओळी देखण्या आहेत. तेराव्या ओळीत मात्र तुम्ही दोन्ही बाजूंना ‘जीव वजा परमात्मा’ने भागलंत. ते दोघे एकच असतील, तर ती वजाबाकी शून्य. आणि शून्याने भागायचं नसतं, हे माझा कान पिळून तुम्हीच शिकवलंत.

गप्पच बसणार होते. पण भर सभेत दुसऱ्या कुणी तिथे बोट ठेवलं असतं, तर मला सोसलं नसतं. रागवा, पण पत्रं बंद करू नका.

तुमची, घाबरलेली
चिमणी

१४ मार्च

चि. चिमणीस काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि ह्यांनी अबोला धरला. माझ्याशी तर धरलाच, पोस्टमनशीसुद्धा. व्याख्यान रद्द करा म्हटलं, तर मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

काल सत्तर माणसं जमली. ह्यांनी फळ्यावर एकोणीसच्या एकोणीस ओळी लिहिल्या. टाळ्या पडल्या. आता खाली उतरतील, असं मला वाटलं. पण हे फळ्याकडे बघत राहिले, तेराव्या ओळीवर काट मारली आणि म्हणाले, इथे माझं चुकलंय, माझ्या पुतणीने दाखवलं.

सभा हिरमुसली. पुढे बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी जरा चिडूनच विचारलं, मग ते दोघे एक नाहीतच का? हे म्हणाले, असतीलही, मला सिद्ध करता येत नाही. हे सांगताना ह्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की मी बघतच राहिले.

सुट्टीत ये, असा तुला निरोप आहे.

परमात्म्याचं मला काही कळत नाही. पण अडतीस वर्षांच्या संसारात ‘माझं चुकलं’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले, तेही सत्तर साक्षीदारांसमोर. घरी येताना हळूच म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा ना. तर म्हणाले, एकदा सिद्ध झालेलं पुन्हा सिद्ध करत नाहीत.

आम्हा दोघांवर माया असू दे.

तुझी काकू